परक्या ग्रहावरचे सोयरे

पाहुणा दारीं आला म्हणजे त्याची चौकशी करण्याची आपल्याकडील जुनी रीत वाचकांस ठाऊकच आहे. गांव कोणतें, वडील काय करितात, आजोळ कोणाकडचें, आणि शेवटीं, "म्हणजे आमच्या अमक्यांचे तुम्ही कोण?" एकदां नात्याचा धागा हातीं लागला कीं पाहुण्याचें परकेपण निम्में सरतें. शेजारच्याशीं तह करितां येतो, व्यापारहि करितां येतो. परंतु त्याच्या आईबापांची ओळख झाल्यावांचून तो आपला झाला असें मन कांहीं मानीत नाहीं. ही रीत केवळ आपलीच नव्हे, याचा एक चमत्कारिक दाखला अमेरिकेंतील दूरचित्रवाणीच्या इतिहासांत आम्हांस आढळला. तोच आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

'स्टार ट्रेक' ही विज्ञानकल्पित मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं एन्. बी. सी. या संस्थेनें सुरू केली. तेविसाव्या शतकांत 'एंटरप्राइज' नांवाचें यान ताऱ्यांमधून हिंडत आहे, आपली पृथ्वी अनेक ग्रहांच्या एका संघाची घटक झालेली आहे, आणि यानावर नाना देशांचीं माणसें खांद्यास खांदा लावून काम करीत आहेत, अशी तिची मांडणी. पुढें १९८० नंतरच्या दशकांत ती आपल्या दूरदर्शनवरहि दाखविली गेली. तेव्हां टोंकदार कानांचा तो गंभीर मि. स्पॉक कित्येक वाचकांच्या स्मरणांत असेल. स्पॉकचा बाप व्हल्कन नांवाच्या ग्रहावरचा, आई पृथ्वीवरची. व्हल्कन लोकांनीं भावनांस लगाम घालून केवळ बुद्धीची उपासना पत्करिलेली. स्थितप्रज्ञाचीं लक्षणें ज्यांना मुखोद्गत आहेत त्यांना हें वर्णन अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, स्थितप्रज्ञाच्या वासना गळून पडलेल्या असतात, व्हल्कनाच्या भावना आंत दडपलेल्या असतात.

संस्थेच्या चालकांना प्रथम या पात्राचें भयच वाटलें. ते कान आणि त्या वर चढलेल्या भिंवया! हें सैतानाचें ध्यान पाहून धार्मिक वृत्तीचे प्रेक्षक बिथरतील अशी त्यांस धास्ती. मालिकेच्या प्रचारासाठीं छापिलेल्या पुस्तिकेंत तर चित्रावर कुंचला फिरवून स्पॉकचे कान आणि भिंवया माणसासारख्या करण्यांत आल्या होत्या. प्रेक्षकांचा कौल मात्र उलट पडला. पत्रांचे ढीग येऊं लागले, ते त्या टोंकदार कानांच्या धन्याकडेच.

परंतु एका व्यक्तीवर लोभ जडणें निराळें आणि तिच्या साऱ्या कुळाला आपलें म्हणणें निराळें. १५ डिसेंबर १९६६ च्या भागांत रोम्युलन नांवाच्या शत्रूचें तोंड प्रथमच दिसलें, आणि तें हुबेहूब स्पॉकच्या वळणाचें निघालें. तत्क्षणीं यानावरचा एक अधिकारी स्पॉककडे संशयानें पाहूं लागतो. ही केवळ कविकल्पना नव्हती. १९४२ सालीं अमेरिकेनें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडिलें होतें, आणि त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचेच नागरिक होते. मालिकेंत सुलूची भूमिका करणारे नट जॉर्ज ताकेई यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें त्याच तारांच्या कुंपणाआड गेलीं. चेहऱ्यावरून वैरी ठरविण्याचा हा प्रकार त्या यानावर निदान एकास तरी अनुभवाचा होता.

असो. पुढील वर्षीं, १७ नोव्हेंबर १९६७ रोजीं, 'जर्नी टु बेबल' हा भाग प्रक्षेपित झाला. डॉरथी फाँटाना या बाईंनीं तो लिहिला. त्या काळीं या धंद्यांत पुरुषांचा भरणा फार, म्हणून त्या आपल्या नांवाची केवळ आद्याक्षरें लिहीत. या भागांत एका ग्रहाला संघांत घ्यावें कीं न घ्यावें याचा निर्णय करण्यास निघालेले ११४ प्रतिनिधी यानावर जमले आहेत. निळ्या कांतीचे, शुभ्र केसांचे आणि डोक्यावर कीटकासारख्या मिशा असलेले अँडोरियन आहेत. वराहमुखी, तोंडाळ टेलराइट आहेत. पृथ्वीचे हे मित्र प्रेक्षकांनीं प्रथम पाहिले ते येथें. आणि याच मेळ्यांत व्हल्कनचा वकील सॅरेक आपल्या पत्नीसह येतो. कप्तान सहज स्पॉकला म्हणतो कीं, यान तुझ्या ग्रहाभोंवतीं आहे तोंवर आईबापांस भेटून ये. स्पॉक शांतपणें उत्तर देतो कीं, हे समोर उभे आहेत तेच माझे आईबाप!

येथून पुढें राजकारण मागें पडतें आणि घर पुढें येतें. मुलानें व्हल्कनच्या विज्ञानपीठांत जावें ही बापाची इच्छा. मुलगा गेला अंतराळदलांत. तेव्हांपासून अठरा वर्षें बापलेक पितापुत्रांच्या नात्यानें एकमेकांशीं बोललेले नाहींत. ज्याच्या घरांत वकिलीच्या गादीवर न बसतां नाटक मंडळींत गेलेला, किंवा इंजिनीयरिंग अर्धें टाकून चित्रें काढूं लागलेला मुलगा आहे, त्यास हें अबोल्याचें दुखणें निराळें समजावून सांगावयास नको. पुढें सॅरेकचें हृदय बिघडतें, शस्त्रक्रियेस मुलाचें रक्त हवें. परंतु त्याच वेळीं कप्तान जखमी होतो, एक अज्ञात यान पाठलाग करूं लागतें, आणि स्पॉक कर्तव्यावरून हलण्यास नकार देतो. आई त्याला विनविते. पांच वर्षांचा असतांना इतर मुलें तूं खरा व्हल्कन नव्हेस म्हणून तुला छळीत, तूं ओंठ घट्ट मिटून घरीं येत असस, आणि तुझ्यांतील मनुष्य आंतल्या आंत रडत आहे हें मला दिसे, असें ती सांगते. तरीहि तो बधत नाहीं, तेव्हां ती त्याच्या थोबाडींत मारते. अखेर कप्तान बरें वाटल्याचें सोंग करून त्याला मोकळा करितो आणि बापाचे प्राण वांचतात. भाग संपतो तो रुग्णशय्येवर, बापलेक दोघे मिळून आईच्या भावनाशीलतेची मिस्किल थट्टा करीत असतांना. अठरा वर्षांचा अबोला सुटतो तो असा; क्षमायाचना नाहीं, अश्रु नाहींत.

चाहत्यांनीं या नव्या मित्रांचें स्वागत कसें केलें तें पाहण्यासारखें आहे. निळ्या आणि वराहमुखी पाहुण्यांचें कौतुक झालेंच. पुढील मालिकांत ते पुनःपुन्हां आले. परंतु लोकांनीं उराशीं धरिलें तें सॅरेक आणि अमँडा हें जोडपें. अमँडाचें काम करणाऱ्या जेन वायट या १९३७ सालच्या 'लॉस्ट होरायझन' या विख्यात बोलपटाच्या नायिका; पण त्या बोलपटापेक्षां अमँडासाठीं आपणांस अधिक पत्रें आलीं, असें त्या पुढें सांगत. सॅरेक झालेले मार्क लेनर्ड हे पडद्यावरील आपल्या पुत्राहून अवघ्या साडेसहा वर्षांनीं वडील. आणि मौज अशी कीं, आदल्या वर्षीं तो रोम्युलन सेनापति रंगविला होता तोहि यांनींच. कालचा शत्रु आणि आजचा व्याही यांचें तोंड एकच होतें. बदललें होतें तें पाहणाराचें मन.

या जोडप्याची एक खूण चाहत्यांस फार भावली. चारचौघांत तीं दोघें एकमेकांच्या दोन बोटांना दोन बोटें लावतात, बस्स. ज्या घरांत आजोबांनीं आजीशीं चारचौघांत कधीं दोन शब्द मोकळेपणीं बोलल्याचें कोणीं पाहिलें नाहीं, पण ताट वाढतांना दोघांची नजर एकदां भेटे, त्या घरांतील माणसास या दोन बोटांचा अर्थ चटकन् कळेल. मात्र सॅरेक पत्नीला हांक मारितो ती आज्ञेच्या सुरांत, आणि ती निमूटपणें मागोमाग जाते. हें आमच्या भगिनीवर्गास खटकेल, आणि खटकावें हेंच योग्य.

न्यूयॉर्ककडील चाहत्या भगिनींनीं सप्टेंबर १९६७ मध्येंच 'स्पॉकेनेलिया' नांवाचें नियतकालिक स्वखर्चानें काढिलें होतें. आपल्याकडील शाळा-वसतिगृहांतील हस्तलिखित मासिकांची आठवण व्हावी असा तो उद्योग. त्यांत व्हल्कनांची भाषा, चालीरीति, शरीररचना यांची चर्चा चाले. सॅरेकची ओळख झाल्यावर तर या घराण्याची बखरच लिहिली जाऊं लागली. १९७६ सालीं जीन लोरा यांनीं सॅरेक व अमँडा यांच्या संसारावर एक सबंध कादंबरी लिहून चाहत्यांत प्रसिद्ध केली. याच काळांत मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागतांच बीजो व जॉन ट्रिंबल या दांपत्यानें पत्रांची मोहीम उभारिली. १९६८ च्या आरंभींच्या महिन्यांत एक लाखाहून अधिक पत्रें संस्थेकडे आलीं, आणि १ मार्च १९६८ रोजीं मालिका चालू राहील असें तिला जाहीर करावें लागलें. १९६९ सालीं ती थांबली, पण चाहते थांबले नाहींत.

परंतु आमच्या मतें या साऱ्या पत्रव्यवहारांतील मुकुटमणि म्हणजे एका मुलीचें पत्र. तिची आई कृष्णवर्णीय, बाप गोरा. १२ जून १९६७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल देईपर्यंत अमेरिकेच्या १६ राज्यांत असा विवाह कायद्यानें निषिद्ध होता. मुलींच्या एका मासिकाच्या पत्त्यावर तिनें स्पॉकला लिहिलें. नटाला नव्हे, स्पॉकला! तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तुम्ही दोन कुळांचे आहांत तशीच मीहि आहें. काळे मला आपली म्हणत नाहींत, गोरेहि म्हणत नाहींत. मग मी करावें तरी काय?

स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनीं १९६८ च्या मे महिन्याच्या अंकांत तिला सविस्तर उत्तर दिलें. स्पॉकचेंहि बालपण असेंच गेलें. परंतु चारजणांत प्रिय होणें आणि थोर होणें यांतील अंतर त्यानें ओळखिलें, आणि दुसऱ्यांच्या पसंतीसाठीं झुरण्याऐवजीं स्वतःची योग्यता वाढविण्याकडे चित्त दिलें, असा त्याचा आशय. हें उत्तर कोरडें नव्हतें. निमॉय हे युक्रेनमधून आलेल्या ज्यू आईबापांचे पुत्र. वडिलांचें बोस्टनमध्यें केशकर्तनाचें दुकान. आणि मुलानें नट व्हावें हें त्यांना मान्य नव्हतें. व्हल्कनांची बोटें फांकवून आशीर्वाद देण्याची जी मुद्रा आज जगभर ओळखिली जाते, ती त्यांनीं लहानपणीं प्रार्थनामंदिरांत पुरोहितांना आशीर्वाद देतांना पाहिलेली होती. सॅरेकच्या पुत्राचें दुःख त्यांनीं पुस्तकांतून उसनें घेतलें नव्हतें.

आमचे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. चिरंजीवांनीं अमेरिकेंत तेथील मुलीशीं विवाह केला, तेव्हां चार वर्षें यांनीं पत्राला उत्तर दिलें नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत बारा वर्षांची नात सुटींत आली होती. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनीं तिच्यासमक्षच विचारलें, "हिला आपलं काही समजतं का हो?" नातीला मराठी उत्तम समजते. ती कांहीं बोलली नाहीं. रात्रीं मात्र तिनें विचारलें, "आजोबा, तिकडे मला सगळे इंडियन म्हणतात, इकडे अमेरिकन. मग मी दोन्हीकडे पाहुणीच का?" यांना उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनेंच आपल्या बापाच्या आवडीचा म्हणून हा भाग त्यांना दाखविला. तें पांच वर्षांच्या मुलाचें बोलणें आलें, तेव्हां हे उठून खिडकीपाशीं जाऊन उभे राहिले. आम्हांस एवढेंच म्हणाले, "अहो, तो सॅरेक पाहवेना. तो मीच होतों कीं."

परग्रहावरचा मित्र कसा असेल याचें चिंतन करणाऱ्या त्या हजारों पत्रलेखकांनीं, आमच्या समजुतीनें, दूर आकाशाकडे पाहिलेंच नव्हतें. त्यांनीं पाहिलें आपल्या घराकडे. सामर्थ्यवान् सहायक त्यांना नको होता. दोन घरांच्या उंबरठ्यावर उभें असलेलें मूल कोणत्या तरी घरांत आंत घेतलें जातें कीं नाहीं, हें त्यांना पाहावयाचें होतें. तह मोठीं माणसें करितात. तो टिकतो किंवा मोडतो तो त्या मुलाच्या ठिकाणीं.

आमच्या स्नेह्यांनीं त्या रात्रीं चिरंजीवांस दूरध्वनि केला. काय बोलले तें आम्हीं विचारलें नाहीं. पुढल्या सुटींत मात्र सूनबाईहि येणार आहेत, आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणें त्यांच्या माहेरची सविस्तर चौकशी होणार आहे.