वृत्तपत्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण

वृत्तपत्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण : कोणत्याही विद्याशाखेची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना वृत्तसंकलन, लेखन व संपादन यांचे, तसेच या व्यवसायाशी निगडित कायदा, इतिहास व नीतितत्त्वे यांचे दिले जाणारे विद्यापीठीय शिक्षण. वैद्यक वा वकिली यांप्रमाणे पत्रकारितेत प्रवेश करण्यासाठी भारतात विशिष्ट पदवीची कायदेशीर अट नाही. त्यामुळे सक्तीचे नसलेले हे शिक्षण कशासाठी, हा प्रश्न त्याच्या आरंभापासूनच चर्चिला गेला आहे.

उगम व विकास : एकोणिसाव्या शतकात पत्रकार घडत तो वृत्तपत्राच्या कचेरीतील उमेदवारीतून. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९०८ मध्ये वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा काढली व १९२१ मध्ये या विषयातील पदव्युत्तर पदवी दिली. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलिट्झर (१८४७–१९११) यांच्या देणगीतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शाळा १९१२ मध्ये सुरू झाली. पत्रकार जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, या आक्षेपाचे खंडन पुलिट्झर यांनी १९०४ मधील एका लेखात केले होते. या शिक्षणाचा हेतू मालकांना कुशल नोकर पुरविणे हा नसून लोकहित हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३५ पासून ही शाळा केवळ पदवीधरांसाठी राहिली. इंग्लंडमध्ये लंडन विद्यापीठाची १९१९ मध्ये सुरू झालेली पदविका १९३९ मध्ये बंद पडली. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणाची परंपरा पुन्हा सुरू झाली, ती १९७० मध्ये कार्डिफ येथे टॉम हॉपकिन्सन यांच्या पुढाकाराने.

भारतातील विकास : लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंग यांनी या विषयाचा विभाग स्थापन केला. फाळणीनंतर तो दिल्लीत व १९६२ मध्ये चंडीगढला हलविण्यात आला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकी प्राध्यापक रोलंड वूल्झली यांच्या साहाय्याने, तर पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत हे शिक्षण सुरू झाले. भारतीय जनसंचार संस्था (दिल्ली) १९६५ मध्ये स्थापन झाली. आरंभीच्या काळात अनेक विद्यापीठांत पदवीनंतर एक वर्षाची पदविका वा ‘बी. जे.’ ही पदवी दिली जाई. नावाने ती प्रथम पदवी असली, तरी प्रवेशासाठी मुळात पदवीधर असणे आवश्यक होते. पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम रूढ झाले.

अभ्यासक्रम : युनेस्कोने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुना अभ्यासक्रमात व्यावसायिक कौशल्ये, पत्रकारितेचा समाजातील संदर्भ आणि अन्य विषयांचे ज्ञान अशी तीन अंगे मानली आहेत. तिसरे अंग पदव्युत्तर स्तरावर विशेष महत्त्वाचे ठरते. अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र वा इतिहास शिकलेला विद्यार्थी आपला विषय बरोबर घेऊन येतो. त्या ज्ञानाला प्रश्न विचारण्याची व पुरावा तपासण्याची शिस्त जोडणे, हे या शिक्षणाचे काम होय. उदा., नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचताना केलेली तरतूद व प्रत्यक्ष झालेला खर्च यांतील अंतर ओळखावे लागते. न्यायालयीन वार्तांकनात आरोप व सिद्ध झालेला गुन्हा यांतील भेद शब्दाशब्दांत पाळावा लागतो. यासाठी बदनामीविषयक कायदा, न्यायालय अवमान अधिनियम (१९७१) व माहितीचा अधिकार अधिनियम (२००५) यांची ओळख आवश्यक ठरते. प्रायोगिक वृत्तपत्र, वृत्तकचेरीतील प्रशिक्षण व लघुप्रबंध ही अध्यापनाची प्रचलित साधने होत. आंतरजालामुळे छायाचित्रे व चित्रफिती यांची सत्यता पडताळणे, हाही आता अध्यापनाचा भाग झाला आहे.

पदवी व परवाना : पत्रकारांसाठी किमान शैक्षणिक अर्हता ठरवावी, या विचाराने भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी २०१३ मध्ये एक समिती नेमली, तथापि अशी सक्ती अस्तित्वात आली नाही. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने १९८५ मध्ये कोस्टा रीकाच्या प्रश्नावर मत देताना पत्रकारांवरील सक्तीची परवानापद्धती अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरविली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तेथील पदवीची अट रद्द केली. यामागील तत्त्व असे, की लिहिण्याचा अधिकार नागरिकाचा आहे. त्याला पदवीची अट घातल्यास कोणी लिहावे, हे ठरविण्याची सत्ता शासनाच्या हाती जाते.

मराठी वृत्तपत्रांच्या संदर्भात या तत्त्वाला व्यावहारिक महत्त्व आहे. तालुक्याच्या ठिकाणचे अनेक बातमीदार अल्प मानधनावर, दुसरा व्यवसाय सांभाळून काम करतात. दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. पदवीची सक्ती झाल्यास ग्रामीण भागाच्या बातम्या देणारा हा वर्गच प्रथम व्यवसायाबाहेर पडेल. म्हणून पदव्युत्तर शिक्षणाचे मूल्य प्रवेशपत्र म्हणून न मोजता, त्यातून बातमीची विश्वसनीयता किती वाढते, यावरून मोजणे युक्त ठरते. अल्पमुदतीचे वर्ग, दूरशिक्षण व मराठीतील पाठ्यग्रंथ यांद्वारे विद्यापीठांतील हे ज्ञान अशा बातमीदारांपर्यंत पोहोचविणे, ही या विद्याशाखेपुढील एक प्रमुख जबाबदारी होय.