साहेब मोठा असला म्हणून गप्प बसायचं का?
कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ, मोठी माणसं आणि आपला कायदा



ग्रामसंघाच्या बैठकीत पॉश कायद्याची माहिती सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कायदा आहे ते खरं. पण ज्याच्या हातात आपलं काम आहे, तोच त्रास देत असला तर सांगायचं कोणाला?" कोणाचा मुकादम असतो, कोणाचा ठेकेदार, कोणाचा जिनिंगमधला सुपरवायझर, तर कोणाचा एखाद्या संस्थेचा सचिव. सगळीकडे अडचण एकच. त्याच्याविरुद्ध बोललं तर काम जाईल, आणि वरून गावात बदनामी आपलीच होईल.

ही अडचण फक्त अडाणी, गरीब बाईची आहे असं समजू नका. शिकलेल्या, इंग्रजी पेपरात लिहिणाऱ्या पत्रकार महिलांनाही हेच सोसावं लागलं. त्यांच्यापैकी एकीचा खटला आपण समजून घेऊ, कारण त्यातून आपल्याला बरंच शिकायला मिळतं.

संपादक विरुद्ध पत्रकार

पेपरात संपादक म्हणजे सगळ्यात वरचा माणूस. नोकरी कोणाला द्यायची, बातमी कोणाची छापायची, बढती कोणाला द्यायची, सगळं त्याच्या शब्दावर. आपल्याकडे टोळीत मुकादमाचा शब्द चालतो तसंच.

एम. जे. अकबर हे देशातले नावाजलेले संपादक. पुढे ते केंद्रात परराष्ट्र राज्यमंत्री झाले. प्रिया रमाणी या पत्रकार. १९९३ साली त्या २३ वर्षांच्या होत्या आणि नोकरी शोधत होत्या. रमाणी यांचं म्हणणं असं की, नोकरीच्या मुलाखतीसाठी अकबर यांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात बोलावलं. मुलाखत खाली सगळ्यांसमोर न घेता वर खोलीत घेतली, दारू देऊ केली आणि जवळ येऊन बसायला सांगितलं. अकबर यांनी हे सगळं नाकारलं.

२०१७ मध्ये रमाणी यांनी एका मासिकात हा अनुभव नाव न घेता लिहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'मी टू' म्हणजे 'माझ्याही बाबतीत असं झालं' असं देशभरातल्या बाया बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी नाव घेतलं. त्यानंतर अकबर यांच्या हाताखाली काम केलेल्या आणखी बऱ्याच महिला पत्रकार पुढे आल्या. अकबर यांनी रमाणी यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला टाकला आणि दोनच दिवसांनी, १७ ऑक्टोबर २०१८ ला, मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

म्हणजे बघा, तक्रार सांगणारी बाईच आरोपी झाली. दोन वर्षांहून जास्त काळ तिला तारखांना उभं राहावं लागलं. दोष सिद्ध झाला असता तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकला असता.

कोर्टाने काय सांगितलं

१७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रमाणी यांना निर्दोष सोडलं. निकालातले मुद्दे सोप्या भाषेत असे:

१. समाजात मोठा मान असलेला माणूसही लैंगिक छळ करू शकतो. मान आहे म्हणून तो तसा नसेलच, असं धरून चालता येत नाही.
२. माणसाची प्रतिष्ठा जपायची म्हणून बाईच्या जगण्याच्या आणि सन्मानाच्या हक्काचा बळी देता येत नाही.
३. छळाविरुद्ध बोलली म्हणून बदनामीच्या नावाखाली बाईला शिक्षा करता येणार नाही.
४. बाईला तिचं म्हणणं तिला योग्य वाटेल त्या ठिकाणी मांडता येतं, कितीतरी वर्षांनी मांडलं तरी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा खटला बदनामीचा होता, छळाचा नव्हता. त्यामुळे अकबर यांना छळाची शिक्षा झाली असा याचा अर्थ होत नाही. निकालाविरुद्ध त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात अपील केलं आणि २०२२ मध्ये ते सुनावणीसाठी दाखल करून घेतलं गेलं. बैठकीत सांगताना अर्धवट सांगू नका. अर्धवट माहितीने आपलंच नुकसान होतं.

या खटल्यात एक साधी गोष्ट फार कामाला आली. ज्या दिवशी ती मुलाखत झाली त्याच रात्री रमाणी यांनी आपल्या एका मैत्रिणीला सगळं सांगितलं होतं. पंचवीसहून जास्त वर्षांनी त्या मैत्रिणीने कोर्टात येऊन साक्ष दिली आणि कोर्टाने ती मान्य केली. म्हणून सांगते, तक्रार करायची हिंमत आज नसली तरी कोणाला तरी सांगून ठेवा. जाऊबाईला, गटातल्या मैत्रिणीला, आईला. आणि तारीख, वेळ, ठिकाण वहीत लिहून ठेवा.

आरोपीनेच आपली शिक्षा ठरवायची?

दुसरं प्रकरण गोव्याचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये 'तहलका' मासिकाचे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर त्यांच्याच कार्यालयातल्या तरुण सहकारी महिलेने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. तेव्हा संपादकांनी स्वतःच पत्र लिहून प्रायश्चित्त म्हणून सहा महिने पदावरून बाजूला होतो असं जाहीर केलं. चौकशी समिती नेमायची घोषणा झाली ती तक्रार आल्यानंतर. पुढे पोलीस केस झाली. मे २०२१ मध्ये म्हापशाच्या सत्र न्यायालयाने तेजपाल यांना निर्दोष ठरवलं आणि गोवा सरकारने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं.

कोर्टाचा निकाल हा कोर्टाचा विषय. आपल्याला शिकायचं ते वेगळं आहे. समिती ही आधीपासून पाहिजे. घराला आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. समिती नसली की वरचा माणूस स्वतःच न्यायाधीश होतो आणि स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवतो.

कायदा आला तो एका गावातल्या बाईमुळे

पॉश कायदा ऑफिसातल्या मॅडमांसाठी आहे असं बऱ्याच जणींना वाटतं. पण त्याची सुरुवात राजस्थानातल्या भटेरी गावात झाली. भंवरीदेवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या, म्हणजे आपल्या सीआरपी ताईंसारखं गावपातळीवरचं काम. बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. पण महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये 'विशाखा' निकाल आला. त्यातूनच २०१३ चा कायदा झाला. काम करताना बाईच्या सुरक्षेची जबाबदारी काम देणाऱ्याची, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आपल्याला हा कायदा कसा लागू होतो

कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नाही. एमआयडीसीतला कारखाना, बियाण्याच्या प्लॉटवरचं क्रॉसिंगचं काम, वीटभट्टी, ऊसतोडीचा फड, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी, मालकाने कामावर न्यायला पाठवलेली गाडी, हे सगळं त्यात येतं. रोजंदारी, कंत्राटी, मानधनावरची किंवा बिनपगारी स्वयंसेविका, कोणीही तक्रार करू शकते.

छळ म्हणजे काय? नको असताना अंगाला हात लावणं, शरीरसुखाची मागणी करणं, अश्लील बोलणं, अश्लील फोटो किंवा व्हिडिओ दाखवणं, तसे हावभाव करणं. "ऐकलं तर हलकं काम देतो, नाही तर उद्यापासून येऊ नको" हेही त्यातच येतं.

तक्रार कुठे करायची:

• दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष महिलाच असते आणि निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. समिती नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
• दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. बैठकीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तालुक्याच्या ठिकाणी नोडल अधिकारी नेमायचा असतो. आपली तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवणं हे त्याचं काम.
• पोलीस ठाण्याचा रस्ता कायम मोकळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली हा गुन्हा आहे. ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर घडलं तरी जवळच्या कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

मुदत महत्त्वाची. समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. उचल घेतलेली बाई हंगाम संपेपर्यंत फड सोडू शकत नाही हे आपल्याला माहीत आहे. तक्रार देताना उशिराचं कारण म्हणून ते स्पष्ट लिहा. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. चौकशी चालू असताना आपण बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकतो.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

"पुरावा नसला तर खोटी तक्रार म्हणून माझ्यावरच उलटेल का?" नाही. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. मुद्दाम, जाणूनबुजून खोटी केली हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

"चार माणसं बसून मिटवा म्हणतात, पैसे घेऊन सोडून द्या म्हणतात." समझोता फक्त बाईने स्वतः मागितला तरच होतो आणि तो पैशावर करता येत नाही. समितीपुढच्या प्रकरणात तक्रारदार बाईचं नाव उघड करायलाही मनाई आहे.

आपल्या ग्रामसंघाने काय करायचं

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी, स्थानिक समिती आणि तालुक्याला नोडल अधिकारी नेमा. म्हणजे विचारायचा आपला हक्क आणखी पक्का झाला. पुढच्या बैठकीत ही चार कामं विषयपत्रिकेवर घ्या:

१. नोडल अधिकारी कोण, स्थानिक समितीची अध्यक्ष कोण, याची लेखी माहिती तहसील कार्यालयाकडे किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे मागायची. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या ग्रामसंघांनी एकाच महिन्यात अर्ज दिले तर उत्तर द्यावंच लागेल.
२. मिळालेली नावं आणि नंबर इतिवृत्तात लिहायचे आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावायचे. सोबत १८१ महिला हेल्पलाइन, ११२ पोलीस आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबरही लावा. मोफत वकील मिळण्यासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही.
३. तालुक्यात काम करणाऱ्या महिलांमधून एक सदस्य स्थानिक समितीवर घ्यावी लागते. आपल्यातल्या जाणत्या ताईंची नावं ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.
४. आपल्या फेडरेशनच्या कार्यालयालाही हा कायदा लागू आहे. समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे आम्हालाही विचारा. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आधी आपला हिशोब चोख पाहिजे.

आणि कोणी ताई घाबरत घाबरत काही सांगायला आली तर "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न तोंडातून काढू नका. "कधी झालं, कोण होतं, तुला आता काय करायचंय?" एवढंच विचारा आणि ती म्हणेल तिथे तिच्यासोबत जा. साहेब कितीही मोठा असला तरी तक्रार द्यायला दहा जणी मिळून आल्या की टेबलामागचा माणूस उठून उभा राहतो. बचत गटातल्या बाईला हे वेगळं सांगायची गरज नाही.

तुमची क्षेत्र समन्वयक