‘एक्सप्लोरर’ : अंटार्क्टिकाची वाट दाखवणारे छोटे लाल जहाज

अंटार्क्टिका म्हटले, की एके काळी डोळ्यांसमोर येत ते धाडसी दर्यावर्दी, शास्त्रज्ञ आणि देवमाशांचे शिकारी. या खंडाचे दार हौशी, अर्थात सधन, प्रवाशांसाठी उघडण्यात मोठा वाटा होता तो ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ या लहानशा जहाजाचा. त्याच सागराने अखेर त्याला आपल्या पोटात घेतले.

स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकी पर्यटन व्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज भाड्याने घेऊन पर्यटकांची तुकडी अंटार्क्टिकाला नेली. पुढे त्यांनी अशा सफरींसाठी खास जहाज बांधून घेतले. फिनलंडमधील गोदीतून १९६९ मध्ये ते बाहेर पडले. लांबी अवघी ७३ मीटर, प्रवासी सुमारे १००. बर्फाचा मारा सोसेल असा मजबूत सांगाडा आणि किनाऱ्यावर उतरण्यासाठी हवा भरलेल्या रबरी होड्या ही त्याची वैशिष्ट्ये. लाल रंगामुळे ते ‘छोटे लाल जहाज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. दिमाखापेक्षा निसर्गतज्ज्ञांच्या सहवासात दुर्गम प्रदेश पाहणे, हीच येथील खरी चैन होती.

मानाचे क्षण आणि धोक्याच्या घंटा

१९८४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ ‘वायव्य मार्ग’ पार करणारे हे पहिले प्रवासी जहाज ठरले. संकटेही पाठीशी होतीच. १९७२ आणि १९७९ मध्ये ते अंटार्क्टिकाजवळ खडकावर रुतले आणि दोन्ही वेळा चिलीच्या नौदलाने प्रवाशांची सुटका केली. पुढे मालक बदलले, तशी नावेही बदलली. ‘सोसायटी एक्सप्लोरर’ झाले आणि नंतर नुसते ‘एक्सप्लोरर’ उरले.

२३ नोव्हेंबर २००७ रोजी किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाने जहाजाचे कवच फाडले. आत पाणी भरू लागले. जहाजावरील १५४ जणांनी जीवरक्षक होड्यांत कित्येक तास काढले. ‘नॉर्डनोर्गे’ या नॉर्वेच्या प्रवासी जहाजाने सर्वांना सुखरूप उचलून घेतले. ‘एक्सप्लोरर’ला मात्र त्याच दिवशी जलसमाधी मिळाली.

चूक पोलादाची की माणसाची?

जहाजाची नोंदणी लायबेरियात असल्याने चौकशीही त्याच देशाने केली. २००९ मधील अहवालाने कप्तानाच्या फाजील आत्मविश्वासावर बोट ठेवले. समुद्राचे पाणी एका हिवाळ्यात गोठून बनलेला बर्फ तुलनेने मऊ असतो. हिमनदीतून तुटून आलेला बर्फ मात्र खडकासारखा कठीण. समोरचा बर्फ पहिल्या प्रकारचा आहे, असे समजून जहाज वेगाने पुढे नेण्यात आले होते. जहाज बर्फासाठी बांधलेले होते, पण कोणत्याही बर्फासाठी नव्हे.

यानंतर ध्रुवीय नौकानयनाच्या सुरक्षिततेची चर्चा तीव्र झाली. ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधन तेलाला बंदी आली. १ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय ‘ध्रुवीय संहिता’ लागू झाली. जहाजाचा सांगाडा, जीवरक्षक साधने आणि अधिकाऱ्यांचे बर्फविषयक प्रशिक्षण या तिन्हींबाबत तिने नियम घालून दिले आहेत.

‘एक्सप्लोरर’ने दाखवलेल्या वाटेने नंतर दरवर्षी हजारो पर्यटक अंटार्क्टिकाला जाऊ लागले. २००७ मध्ये मदतीला येणारे जहाज आवाक्यात होते आणि समुद्रानेही फार परीक्षा पाहिली नाही. दर वेळी असे घडेलच, याची हमी कोणतीही संहिता देऊ शकत नाही.