विश्लेषण : एनआयपीटीचा अहवाल ‘नो कॉल’ का येतो?

गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून थोडे रक्त घ्यायचे आणि त्यावरून बाळाच्या गुणसूत्रांतील दोषाची शक्यता सांगायची, ही झाली एनआयपीटी चाचणी. पण काही अहवालांत ‘लो रिस्क’ही नसते आणि ‘हाय रिस्क’ही नसते. ‘फीटल फ्रॅक्शन कमी, निष्कर्ष नाही’ एवढेच लिहून येते आणि घरात काळजी सुरू होते.

फीटल फ्रॅक्शन म्हणजे काय?

आईच्या रक्तद्रवात डीएनएचे बारीक तुकडे सुटे फिरत असतात. बहुतेक तिचे स्वतःचे, तर काही गर्भाचे. (हे गर्भाचे तुकडेही खरे तर वारेच्या पेशींतून आलेले असतात.) डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते प्रथम दाखवून दिले. एकूण तुकड्यांत गर्भाचा वाटा किती, तो आकडा म्हणजे फीटल फ्रॅक्शन. १० ते २० आठवड्यांत तो सरासरी १० टक्क्यांच्या आसपास असतो.

त्यावर एवढे का अवलंबून?

डाऊन सिंड्रोममध्ये बाळाकडे २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. वाटा १० टक्के असेल तर जिथे एरवी या गुणसूत्राचे १०० तुकडे मोजले जातात, तिथे १०५ सापडतात. वाटा ४ टक्के असेल तर १०२ आणि २ टक्के असेल तर जेमतेम १०१. एवढीशी वाढ मोजणीच्या नेहमीच्या चढउतारात हरवते. म्हणून अनेक प्रयोगशाळा ४ टक्क्यांच्या खाली निष्कर्ष देत नाहीत. खोट्या दिलाशापेक्षा हे बरेच.

वाटा कमी का पडतो?

रक्त फार लवकर घेतले, आईचे वजन जास्त असले, तर आकडा घसरतो. पण १८ किंवा १३ क्रमांकाचे जादा गुणसूत्र असेल किंवा ट्रिप्लॉइडी असेल, तर वार अनेकदा लहान राहते आणि तेव्हाही तो कमी येतो. त्यामुळे ‘नो कॉल’ म्हणजे ‘सगळे ठीक’ असे समजू नये.

मग करायचे काय?

एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिल्यास अनेकदा निष्कर्ष मिळतो. वजन जास्त असल्यास मात्र आकडा फारसा हलेलच असे नाही. तज्ज्ञांशी बोलून तपशीलवार सोनोग्राफी आणि १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणीचा पर्याय विचारावा. ‘हाय रिस्क’ आला तरी पक्के निदान याच तपासणीने होते. बाळाचे लिंग मात्र अहवालात नसते. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे.