हळदीचा साउंड आणि दोन पदरांची वायर

वसईजवळच्या जूचंद्रमध्ये लग्नसराई लागली की हळदीची रात्र साउंडवाल्याची असते. नवरात्रात चंडिकादेवीच्या डोंगराखाली, गणपतीत गल्लोगल्ली हीच पोरं टेम्पोतून खोके उतरवतात. खाली बेस, वर टॉप, बाजूला मिक्सर आणि अँप्लिफायर. सुपारी ठरते ती किती बेस, किती टॉप यावर. कोपऱ्यात वेटोळं करून टाकलेल्या वायरीचं नावही कोणी काढत नाही. पण बेस मारायचा की मरायचा, हे निम्मं तीच ठरवते.

या वायरीत दोन पदर असतात. आवाजाचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, मग प्लस-मायनसचा हट्ट कशाला, असं नव्या पोराला वाटतं. एकच स्पीकर असेल तर खरंच काही बिघडत नाही. दोन झाले आणि एकाची वायर उलटी लागली, की एकाचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच हवा ओढून घेतो. 50 हर्ट्झच्या ठोक्याची लाट सुमारे 7 मीटर लांब असते. शेजारी ठेवलेल्या दोन बेसमधलं अंतर त्या मानाने काहीच नाही, म्हणून दोन लाटा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. 5000 हर्ट्झच्या किणकिणाटाची लाट जेमतेम 7 सेंटिमीटरची, ती अशी पुसली जात नाही. म्हणून गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो आणि ढोलकीचा धुम मात्र गायब. मग ऑपरेटर आवाज वाढवत सुटतो, अँप्लिफायर फाटायला लागतो, टॉप जळतात आणि शेजारच्या आजीला फुकट त्रास. मूळ दुखणं एका उलट्या वायरीचं!

पदर ओळखायची खूण कारखान्यातूनच येते. एका पदरावर लाल किंवा काळी रेघ असते, कधी अक्षरं छापलेली असतात, कधी बोट फिरवल्यावर लागणारी बारीक कड असते. पारदर्शक वायरीत एक पदर तांबूस, दुसरा पांढरा. यातला प्लस कोणता, हे निसर्गाने ठरवलेलं नाही. तुम्ही ठरवा आणि दोन्ही टोकांना तेच पाळा. खूण पुसली गेली असेल तर घड्याळातला 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि बेसच्या वायरीला क्षणभर टेकवा. कोन बाहेर सरकला, तर सेलचा प्लस ज्या पदराला लागलाय तोच प्लस. टॉपमधल्या हॉर्नच्या ड्रायव्हरवर हा प्रयोग करू नका, त्याचा पडदा नाजूक असतो. जेबीएलच्या जुन्या व्यावसायिक स्पीकरांत लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जायचा. सेकंडहँड माल घेणाऱ्याने म्हणूनच रंगावर न विसंबता कोन डोळ्यांनी पाहावा.

आता धातू. वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं अगदी तिच्या पाठोपाठ. 1913 साली मऊ केलेल्या तांब्याची वाहकता 100 धरून जगाने मोजपट्टी ठरवली. तिच्यावर चांदी साधारण 105, सोनं 70च्या पुढे, ॲल्युमिनियम 61. सोन्याचा मान जोडणीच्या टोकांवर आहे, ते गंजत नाही म्हणून. ‘ऑक्सिजन-फ्री’ म्हणून जादा पैसे घेतले जातात ते तांबं साध्या चांगल्या तांब्यापेक्षा जेमतेम 1 टक्का सरस. मंडपात तो फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही, तेच पैसे जाड वायरीत घालावेत.

हिशेब करून बघा. अँप्लिफायरपासून 30 मीटरवर 8 ओहमचे दोन बेस समांतर जोडले, म्हणजे भार 4 ओहमचा. 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन 60 मीटर, तिचा रोध सुमारे 0.8 ओहम. म्हणजे ताकदीचा सहावा हिस्सा वायरच गिळते. त्याच जाडीची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर जवळपास पाव ताकद गेली, शिवाय बेस ढिला वाजतो तो वेगळाच. 4 चौरस मिलिमीटर खरं तांबं घेतलं तर हीच गळती 7 टक्क्यांवर येते.

ॲल्युमिनियम वाईट धातू नाही. महापारेषणच्या विजेच्या मनोऱ्यांवरच्या तारा त्याच्याच, कारण वजनाला तो तांब्याच्या एक तृतीयांशही भरत नाही. चीड येते ती त्याला तांबं म्हणून खपवण्याची. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला वायर घेताना धागा ब्लेडने खरवडा. वरून तांबूस, आतून पांढरा निघाला की दुकानदाराचं पितळ उघडं पडतं. उलट वरून पांढरा आणि आतून तांबूस असेल तर ते कथिल चढवलेलं अस्सल तांबं, त्याला नाकारू नका. लायटरच्या ज्योतीतही कळतं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्याचा बारीक धागा लोळून तुटतो. तांब्याला 1085 अंश लागतात, तो लाल होऊन तसाच राहतो. खरं तांबं काही परमुलखातून आणायला नको. जूचंद्र स्टेशन ज्या वसई-दिवा मार्गावर आहे, त्याच वाटेने पुढे पनवेलकडे जाताना तळोजं लागतं. तिथे हिंदुस्तान कॉपरचा तांब्याची सलग ओतीव सळी काढणारा प्रकल्प आहे, 1989 मध्ये सुरू झालेला. अशीच सळी ओढून ओढून केसासारखे धागे होतात.

कथिल चढवलेल्या तांब्याची शिफारस मी जूचंद्रला मुद्दाम करते. खाडी आणि मिठागरांची ही हवा. कापलेल्या टोकाशी तांबं, ॲल्युमिनियम आणि खारा ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, पांढरी भुकटी धरतं आणि भर कार्यक्रमात आवाज खरखरतो. साधं तांबंही हिरवं-काळं पडतं, पण ते टोक कापून, नवं सोलून, घट्ट पीळ देऊन पुन्हा लावता येतं. सीझन संपला की हे काम करून घ्यावं. प्रत्येक टोकाचा बोटभर तुकडा छाटायचा आणि दोन्ही बाजूंच्या प्लसला लाल टेप गुंडाळायची.