आधी हात धुवा, फादर!

गेल्या पावसाळ्यात जुलाबाने आजारी असलेल्या एका वृद्धास पवित्र तैलाभ्यंग देण्यासाठी आम्ही एका रुग्णालयात गेलो होतो. संस्कार आटोपून आम्ही तडक दुसऱ्या खाटेकडे वळलो, तोच एका तरुण परिचारिकेने आम्हांस अडविले. “फादर, आधी हात धुवा!” आम्ही खजील झालो. नियम आम्हांस ठाऊक होता. पाळला मात्र नव्हता.

१८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या दवाखान्यात पोहोचविले. त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले ते १८९८ साली. त्या माउलीपाशी प्रेम होते. ज्ञान जगापाशीच नव्हते. आज ज्ञान आहे. मग उणीव कशाची?

क्षय, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात. तेथे वेगळी, हवेशीर खोली आणि चांगली मुखपट्टी हवी. जुलाबाचे जंतू हातांवाटे जातात. तेथे हातमोजे आणि साबणपाणी हवे. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर, इतकेच नव्हे तर त्याच्या खाटेस हात लावल्यावरही, हात स्वच्छ करावे लागतात. हातमोजे काढल्यावरही हात धुणे चुकत नाही. परिचारिका हे सारे शिकलेल्या असतात. परंतु एकीच्या वाट्याला अनेक रुग्ण आले, की घाईत प्रथम हात धुणेच राहून जाते. म्हणून त्यांना दोष देण्याआधी पुरेसे साबण, पाणी व मनुष्यबळ पुरविणे हे चालकांचे कर्तव्य आहे.

आपलेही कर्तव्य आहे. सदलग्याहून मिरज, कोल्हापूर वा बेळगावच्या रुग्णालयात आपण जातो, ते पाच-सहा जण मिळून, लेकराबाळांसह! परिचारिकेने थांबविले, की आपणांस अपमान वाटतो. रुग्णास अलग ठेवणे म्हणजे त्यास वाळीत टाकणे नव्हे. ती त्याची आणि शेजारच्या खाटेवरील परक्या लेकराचीही राखण आहे.

दयाळू शोमरोन्याने जखमी मनुष्याला उचलण्याआधी त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या. दया आणि दक्षता त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या. ज्यांच्या कन्या परिचारिका आहेत त्या मातापित्यांनी त्यांना हेच सांगावे : बाळ, मोठा डॉक्टर असो वा आपले फादर असोत, “आधी हात धुवा” असे म्हणावयास कचरू नकोस.