हट्ट की हतबलता?

मैत्रिणींनो, "माझं मेलं कुणी ऐकतच नाही!" असं आपल्यातली कोण म्हणत नाही? पण आज ज्या मुलांविषयी लिहिते आहे त्यांचं न ऐकणं निराळं आहे, आणि त्याला काय म्हणावं यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही एकमत नाही.

माझी धाकटी जाऊ कल्याणला राहते. तिचा मुलगा आठ वर्षांचा. बोलका, गोष्टीवेल्हाळ, आल्यागेल्याला आवडणारा. पण "बूट घाल" म्हटलं की "माझे पाय आता पाय नाहीत, चाकं झालीत" ही सबब. मग गंमत, मग विनवणी, आणि तरीही धरून बसलं तर किंचाळणं, अंगावर येणं. बरं, नावडत्याच कामाला असं करतो म्हणावं, तर तेही नाही. स्वतः मागितलेला शिरा "चल, खाऊन घे" म्हणताच नकोसा होतो. तासाभरानं आईच्या कुशीत शिरून रडतो, "मला करायचं होतं गं, पण होतच नव्हतं."

मी डोंबिवलीच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांच्या शिस्तीतलं आपल्याला कळतं, असा थोडा तोराही आहे. मी जावेला तक्ता करून दिला. सहाला उठणं, सव्वासहाला दात, प्रत्येकापुढे एक चांदणी. चौथ्या दिवशी त्यानं तक्ता फाडला आणि पाचव्या दिवसापासून शाळाच बंद केली. सासूबाई म्हणाल्या, लाडावलाय. शेजारीण म्हणाली, एक धपाटा घाला. जाऊ काहीच बोलली नाही. महिनाभर माझा फोन मात्र तिनं उचलला नाही.

शेवटी ठाण्याला बालविकासतज्ज्ञांना दाखवलं. त्या म्हणाल्या, स्वमग्नतेच्या खुणा आहेत; अशा वागण्याला इंग्लंडात 'पीडीए' म्हणतात, पण ते नाव मी कागदावर लिहून देऊ शकत नाही. आता हे काय कोडं? मी वाचायला बसले.

नॉटिंगहॅमच्या एलिझाबेथ न्यूसन या बालमानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे काही मुलं अशी येत, की स्वमग्न मुलांची आठवण व्हावी, पण त्या साच्यात ती बसू नयेत. बोलकी, नाटकं करण्यात रमणारी, आणि रोजच्या साध्या मागण्या टाळायला जिवाचा आटापिटा करणारी. १९८० च्या दशकात त्यांनी याला 'पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स' असं नाव दिलं, आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून हा स्वमग्नतेच्या घराण्यातला पण वेगळा प्रकार आहे, असं मांडलं. पुढे ब्रिटनमध्ये बरेचजण त्याला स्वमग्नतेचंच एक रूप मानू लागले.

सगळे मात्र नाही. २०१८ मध्ये जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं, की लक्षणं खरी आहेत, पण म्हणून तो स्वतंत्र विकार ठरत नाही. एकाचं टाळणं भीतीपोटी, दुसऱ्याचं गोंगाट सोसवत नाही म्हणून, तिसऱ्याचं आणखी कशानं. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांचा आक्षेप तर नावालाच आहे. दुसऱ्याच्या मर्जीनं वागायला नकार दिला, की तो लगेच आजार कसा? (मला हे पटलं. घरातल्या किती सुनांना हे नाव चिकटलं असतं!) अमेरिकन डॉक्टरांच्या २०१३ च्या ग्रंथात हे निदान नाही; जागतिक आरोग्य संघटनेची यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही नाही.

हा वाद तिकडचा, आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि दाखला मिळाला तर सवलतींची दारं उघडतात. त्यासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर स्वमग्नता नाही. नजरेला नजर देतो का, बोलणं कसं, इतरांत मिसळतो का, असे मुद्दे त्यात आहेत. आता आमचा बोलघेवडा तिथे डॉक्टरीणबाईंना गोष्ट सांगत बसला तर? घरी उसळणारा मुलगा तासाभराच्या भेटीत दिसेलच असं नाही. म्हणून जावेनं शाळेकडून लिहून आणलं, घरच्या प्रसंगांची वही ठेवली. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर वही आधीपासून ठेवा; तारखेसकट.

नाव काहीही ठरो, एक गोष्ट मात्र माझ्या तक्त्यानंच मला शिकवली. स्वमग्न मुलांना ठरलेल्या वेळापत्रकाचा पुष्कळदा आधार होतो. या मुलाला तोच फास वाटला. ठाण्याच्या बाईंनी सांगितलं, हुकूम कमी करा, आवाज खाली ठेवा, जे आज झालं नाही तरी चालेल ते सोडून द्या. "आंघोळीला जा" ऐवजी "पाणी तापलंय हं" एवढंच म्हणायचं आणि आपण तिथून निघून जायचं. सासूबाईंना हे थेर वाटलं, पण पोळ्या लाटताना त्याच एकदा पुटपुटल्या, "बाई, ही कणीक काही मला ऐकत नाही," आणि पोरगा उठून परातीपाशी गेला.

शाळेत तो सध्या दोनच तास बसतो. बाईंनी खिडकीजवळची जागा दिली आहे. गेल्या रविवारी मी कल्याणला गेले, तर दाराशी बूट ठेवलेले, आणि जाऊ आतून म्हणाली, "चाकांना हवे असतील तर आहेत तिथे." दहा मिनिटं काही झालं नाही. मग त्यानं एक बूट घातला, आणि दुसरा हातात घेऊन आमच्याबरोबर भाजीला आला.